मुलांचा बोलणारा मुसल्ला घेताय? दुरूदचं बटण झकास, पण कोकणातल्यांनी आधी हे वाचा

आधीच सांगते, मुसल्ला, म्हणजे नमाज पढायची चटई, वस्तू म्हणून खराब नाहीये. ५ पैकी ३ स्टार दिलेत ते वस्तू बिघडली म्हणून नाही, तर बनवताना आमच्यासारखी माणसं पण नमाज पढतात हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही म्हणून. कोकणातले असाल, म्हणजे खेड, चिपळूण, दापोली, महाड, म्हसळा, श्रीवर्धन तिकडचे, किंवा तिकडून येऊन मुंब्रा-पनवेलला स्थायिक झालेले, तर ऑर्डर टाकायच्या आधी हे पूर्ण वाचा. हनफी असाल (आम्ही कोकणी शाफई, हे दोन वेगळे मसलक, दोघांची नमाज पढायची पद्धत थोडी वेगळी) तर मधलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल, तुमच्यासाठी ४ स्टार समजा.

तर हा मुलांचा इलेक्ट्रॉनिक मुसल्ला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण ऑनलाइन एकच माल पाच-सहा नावांनी फिरतोय, फोटो सगळ्यांचे सेम, फक्त बॉक्सचा रंग वेगळा. मला ₹१,८९९ ला पडला, सोबत एक बोटात घालायची डिजिटल तसबीह फ्री. पोरगा दुसरीत आहे, मराठी मीडियममध्ये, मदरशात संध्याकाळी जातो, पण तिथे एका वर्गात वीस पोरं, हाफिजसाब एकेकाला किती वेळ देणार, म्हणून म्हटलं घरी पण थोडी प्रॅक्टिस होईल. सूरह फातिहा आणि कुल हुवल्लाह त्याला येतच होतं. अडत होतं ते शेवटच्या बैठकीत, अत्तहियात (बसून पढायची दुआ) झालं की साहेब दुरूदच्या, म्हणजे नबींसाठी रहमत मागायच्या दुआच्या, जागी नुसते ओठ हलवायचे आणि सलाम फिरवून, म्हणजे मान दोन्हीकडे वळवून नमाज संपवून, पळायचे. मुसल्ला घेण्यामागचं खरं कारण ते दुरूद, त्यामुळे हा रिव्ह्यू पण बराचसा दुरूदबद्दलच आहे, कापडाचा पोत आणि शिलाई बघायची असेल तर बाकीचे रिव्ह्यू आहेत.

तरी दोन ओळीत सांगते. आत फोम आहे, सजद्याला गुडघे-कपाळ दुखत नाही. पहिले काही दिवस रेक्झिनचा वास येतो, गॅलरीत टाकून ठेवलात की जातो. तीन पेन्सिल सेल लागतात, बॉक्समध्ये येत नाहीत, हे बॉक्सवर इतक्या बारीक लिहिलंय की वाचायला भिंग लागेल. आवाज कमी-जास्त होतो, सगळ्यात कमी वर पण शेजाऱ्यांना कळतो. दोन्ही बाजूच्या काठांवर बटणं, पाच नमाजांची पाच, वजू, अजान, छोट्या सूरह, दुआ आणि दुरूद. नमाजचं बटण दाबलं की स्टेप बाय स्टेप आवाज सांगतो, आता उभे राहा, आता रुकू (कमरेत वाकणं), आता सजदा (कपाळ टेकणं), आणि जिथे जे पढायचं ते कारी, म्हणजे शुद्ध उच्चारात कुराण पढणारा, पढून दाखवतो. भाषा उर्दू, इंग्रजी, अरबी. मराठी नाही, अपेक्षा पण नव्हती.

आता दुरूदचं बटण. हे ज्याने बनवलंय त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. दुरूदे इब्राहीम पूर्ण एका दमात पण ऐकता येतं आणि तेच बटण परत दाबलं की तुकड्या-तुकड्यात येतं. "अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद", मग थांबतो, पोराला म्हणायला जागा देतो, मग "व अला आलि मुहम्मद", परत थांबतो, मग "कमा सल्लैत अला इब्राहीम" असं करत करत "इन्नक हमीदुम् मजीद" पर्यंत. कारीचा उच्चार स्वच्छ, लाडिक बालगीत स्टाईल नाही आणि मागे म्युझिक नाही, ही मोठी गोष्ट, कारण आजकाल मुलांच्या नावाखाली काय काय ढणढण लावतात.

ज्यांनी कधी मुलांना दुरूद शिकवलंय त्यांना माहीत असेल, खरी गंमत दुसऱ्या भागात असते. पहिला भाग "सल्लि... सल्लैत" चा आणि दुसरा "बारिक... बारक्त" चा, बाकी सगळं तेच, इब्राहीम तेच, हमीदुम् मजीद तेच. पोरगं "अल्लाहुम्म बारिक" ने सुरुवात बरोबर करतं आणि मध्येच सवयीने "कमा सल्लैत" वर घसरतं, मग परत पहिल्या भागाच्या शेवटाला पोचतं, मग परत बारिक, परत सल्लैत, आमच्या घरात एकदा साहेब असे गोल गोल फिरत बसले होते आणि अम्मी किचनमधून ओरडली, "अरे सलाम फिरव रे बाबा, इशा व्हायला आली!" तर या मुसल्ल्यात पहिला भाग चालू असताना बटणाभोवती हिरवा लाइट आणि दुसरा भाग सुरू झाला की पिवळा. एवढीशी गोष्ट पण तेवढ्याने पोराच्या डोक्यात बसलं की पिवळ्यात सल्लैत नाही. आता लाइटशिवाय पण चुकत नाही. याचे पूर्ण मार्क.

बॉक्समधल्या माहितीपत्रकात दुरूद नमाजमध्ये का आहे याबद्दल एक अक्षर नाही, नुसतं "मग हे पढा". मुलं विचारतात हो. माझ्याने विचारलं की आधीच अत्तहियातमध्ये नबींना सलाम केला ना, मग परत का? प्रश्न बिनतोड आहे आणि गंमत म्हणजे सहाबांनी, म्हणजे नबींच्या साथीदारांनी, पण साधारण हाच प्रश्न विचारला होता. सूरह अहजाबच्या ५६ व्या आयतमध्ये हुकूम आहे की अल्लाह आणि त्याचे फरिश्ते नबींवर दुरूद पाठवतात, ईमानवाल्यांनो तुम्ही पण त्यांच्यावर दुरूद आणि सलाम पाठवा. म्हणजे गोष्टी दोन, दुरूद आणि सलाम. हजरत कअब बिन उज्रा यांची हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही किताबांत आहे, त्यात हुजूर स.अ.स., म्हणजे नबींना, विचारलंय की तुम्हाला सलाम कसा करायचा ते तर आम्हाला कळलं, पण दुरूद कसं पाठवायचं, आणि त्यावर हुजूरनी हे दुरूदे इब्राहीम शिकवलं. म्हणून अत्तहियातमधला "अस्सलामु अलैक अय्युहन्नबिय्यु" हा सलाम आणि त्याच्या पाठोपाठ दुरूद. पत्रकात या चार ओळी टाकल्या असत्या तर कंपनीचं काय जात होतं? त्याऐवजी अर्धं पान वॉरंटीच्या अटी.

आता मुख्य तक्रार. मुसल्ल्यात सगळ्या नमाजा हनफी पद्धतीने भरल्यात आणि हे बॉक्सवर, जाहिरातीत, पत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही कोकणी मुसलमान इमाम शाफईंना मानणारे, कोकण किनाऱ्यावर अरब व्यापारी यायचे तेव्हापासूनचं हे, माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांची वफात १४३१ ची, ते पण शाफईच आलिम होते. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच हनफी मैत्रिणींना वाटतं की आमचं फक्त रुकूच्या आधी हात उचलणं वेगळं आणि फज्रला, म्हणजे पहाटेच्या नमाजेत, कुनूतची दुआ. पण दुरूदच्या बाबतीत पण फरक आहे आणि तो छोटा नाही.

हनफींमध्ये शेवटच्या बैठकीतलं दुरूद सुन्नत आहे, राहून गेलं तर वाईट, पण नमाज होते. आमच्याकडे ते रुक्न आहे, म्हणजे फर्ज. कमीत कमी "अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद" एवढं तरी तोंडातून गेलंच पाहिजे, नाहीतर नमाजच नाही. घरात लहानपणापासून दुरूदवर एवढा जोर का असतो ते यातून कळेल. आणि पहिल्या बैठकीत उलट. चार रकातच्या (रकात म्हणजे नमाजेची एक फेरी) नमाजेत दोन रकातनंतर बसतो ना, तिथे हनफी अत्तहियात झालं की लगेच उठतात, तिथे चुकून दुरूद सुरू केलं तर तिसऱ्या रकातला उभं राहायला उशीर झाला म्हणून सजदा सहव, म्हणजे चूक भरून काढायचे जादा सजदे, करावा लागतो. आणि आम्ही शाफई त्या पहिल्या बैठकीत पण छोटं दुरूद पढतो, आमच्यात ते सुन्नत आहे, सोडलं तर उलट आम्ही सजदा सहव करतो! म्हणजे एकाने पढलं म्हणून आणि दुसऱ्याने सोडलं म्हणून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, कुणी कुणाला नावं ठेवू नये, पण मशीनला दोन्ही माहीत पाहिजे की नाही?

प्रत्यक्षात काय होतं बघा. पोरगा जोहरचं बटण दाबून पढतोय, दोन रकात झाल्या, बसला, अत्तहियात झालं, हाफिजसाबांनी शिकवल्याप्रमाणे "अल्लाहुम्म सल्लि" म्हणायला तोंड उघडलं आणि मुसल्ला खाड्कन म्हणतो "अब खडे हो जाइए". पोरगा माझ्याकडे बघतो. मी हाताने खूण करते की पढ, पढ. तोवर मुसल्ला तिसऱ्या रकातचं बिस्मिल्लाह करून पुढे गेलेला. पॉज बटण नाही, हे पण लिहून ठेवा.

दुसरं अत्तहियात. मुसल्ल्यात जे आहे ते हजरत इब्ने मसऊद यांच्या रिवायतचं, म्हणजे त्यांनी सांगितलेलं, "अत्तहिय्यातु लिल्लाहि वस्सलवातु वत्तय्यिबात". आमच्याकडे हजरत इब्ने अब्बास यांचं शिकवतात, "अत्तहिय्यातुल मुबारकातुस्सलवातुत्तय्यिबातु लिल्लाह". दोन्ही सहीह आहेत, मला त्याचं काही नाही. दुरूदचे शब्द पण हदीसमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे आलेत, अबू हुमैद साअदी यांच्या रिवायतमध्ये नबींच्या बीव्या आणि औलाद यांचा उल्लेख आहे. पण सात वर्षांच्या पोराला एकावेळी एकच पाठ होऊ दे ना. मदरशात मुबारकात म्हणायचं, घरी मुसल्ला वेगळं म्हणणार, मग परीक्षेला दोघांची खिचडी. हाफिजसाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "बाजी, दुरूदचं बटण वापरा, नमाजवाली बटणं वापरू नका. आणि फर्ज नमाज यावर पढायला देऊ नका, रेकॉर्डिंगच्या मागे नमाज होत नाही, हे शिकायला आहे." एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझा निम्मा रिव्ह्यू लिहून टाकला. तेव्हापासून फर्ज नमाज साध्या मुसल्ल्यावर, आजोबांचा जुना आहे तो, आणि हा फक्त पाठ करायला.

आता बसण्याचा विषय निघालाच आहे तर. शेवटच्या बैठकीत आम्ही तवर्रुक करतो, म्हणजे डावा पाय उजव्या पायाच्या खालून बाहेर काढून बूड सरळ जमिनीवर टेकवतो. मुसल्ला मुलांच्या मापाचा, अरुंद. तो बाहेर काढलेला डावा पाय जाऊन पडतो कुठे, तर उजव्या काठावर, आणि तिथे बटणं! पोरगा अगदी मन लावून, शहादतचं बोट उचलून, "व अला आलि इब्राहीम" पर्यंत आलाय, आणि अंगठा लागून खालून फज्रची अजान सुरू. दुपारी दोन वाजता. धाकटी हसून लोळायला लागली, अम्मी पण पदर तोंडावर धरून हसत होती, पोरगा बिचारा कान लाल करून "हमीदुम् मजीद" पूर्ण करत बसलेला. नंतर मुद्दाम करून बघितलं, दर वेळी लागतो. हनफी बैठकीत पाय मागे राहतो त्यामुळे त्यांना हा प्रॉब्लेम यायचा प्रश्नच नाही, म्हणजे टेस्टिंग कुणी आणि कसं केलं असेल ते समजून घ्या. बटणं सगळी वरच्या बाजूला, सजद्याच्या पुढे दिली असती तर विषय संपला असता.

कस्टमर केअरला चॅटवर लिहिलं. विचारलं की शाफई मोड आहे का, किंवा अपडेट येणार का. उत्तर आलं, मॅडम प्रॉडक्ट नीट चालू आहे ना? म्हटलं चालू आहे, पण नमाजची पद्धत. म्हणे बॅटरी काढून परत घाला. मी बॅटरी काढून परत घातली. मुसल्ला हनफीच राहिला.

विनोद सोडा, पण धंद्याच्या दृष्टीने तरी बघा की. इंडोनेशिया, मलेशिया शाफई, श्रीलंका शाफई, आपल्याकडे केरळ, भटकळ, कोकण. गिऱ्हाईक कमी आहे का? एक छोटा स्विच द्यायचा खाली, हनफी आणि शाफई, पहिल्या बैठकीत छोटं दुरूद, अत्तहियातचं दुसरं रेकॉर्डिंग, फज्रला कुनूत, झालं. तेही नको असेल तर निदान बॉक्सवर "हनफी पद्धत" हे दोन शब्द छापा, माणूस बघून घेईल.

फ्री आलेली डिजिटल तसबीह. बोटात घालायची, बटण दाबलं की आकडा वाढतो. पोरांना खेळणं म्हणून ठीक. मी जुम्म्याच्या दिवशी दुरूदसाठी वापरून बघितली, कारण जुम्म्याला दुरूद जास्त पढावं असं हदीसमध्ये आहे, आणि एकदा दुरूद पढणाऱ्यावर अल्लाह दहा रहमती पाठवतो ही मुस्लिम शरीफची हदीस तर अम्मीने आम्हाला लहानपणीच पाठ करून घेतलेली. अंगठी सैल आहे, भांडी घासताना सरकते, आणि शंभर झाले की बीप वाजतो. यांनी मशिदीत घालून नेली आणि ऐन खुतब्यात, म्हणजे इमामांच्या भाषणात, बीप, तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून आहे. अम्मीने हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि परत दिली, म्हणाली, "मोजायला कुणाला वेळ आहे, मी भाकऱ्या होईपर्यंत पढते." ती खरंच तसंच करते, पीठ संपलं की दुरूद थांबतं.

आता तुलना म्हणून. मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या आसपास, किताबांची दुकानं आहेत, तिथे नमाज शिकवणारी छोटी पुस्तकं मिळतात, उर्दू, हिंदी, कधी मराठी पण. मी देवनागरीतलं एक शाफई पद्धतीचं आणलं ₹४० ला. कागद साधा, पण अत्तहियात आमचंच, पहिल्या बैठकीतलं छोटं दुरूद वेगळ्या चौकटीत, शेवटचं पूर्ण दुरूद, त्यानंतरची ती चार गोष्टींपासून पनाह मागायची दुआ, जहन्नमचा अजाब, कबरीचा अजाब, जगण्या-मरण्याचा फितना आणि दज्जाल, सगळं क्रमाने. जनाजाची नमाज पण आहे, तिथे दुसऱ्या तकबीरनंतर दुरूद असतं, मुसल्ल्यात जनाजा नाहीच. फक्त देवनागरीत वाचून उच्चार पक्का होत नाही, अरबीतल्या स्वाद आणि सीन या दोन्ही अक्षरांना आपल्याकडे एकच "स", मग पोरगं "सल्लि" पातळ म्हणतं. तिथे कानाने ऐकावंच लागतं, कारीकडून नाहीतर हाफिजसाबांकडून. म्हणून मी दोन्ही वापरते, क्रम आणि शब्द पुस्तकातून, आणि दुरूदचा आवाज मुसल्ल्यातून. दुरूद दोन्हीकडे सेम आहे त्यामुळे गोंधळ होत नाही.

₹१,८९९ एका बटणासाठी जास्त आहेत का? हो, आहेत. ऑफरमध्ये हजार-बाराशेला मिळाला तर शाफईंनी पण घ्यावा, दुरूद, वजू आणि छोट्या सूरहसाठी. पूर्ण किमतीला नको. हनफी घरात पाच-सात वर्षांचं मूल असेल तर बिनधास्त घ्या, गिफ्ट म्हणून पण चांगला दिसतो, बॉक्स मजबूत आहे. मोठ्यांनी स्वतःसाठी घेऊ नका, लांबीला पुरत नाही, सजद्यात कपाळ लादीवर जातं.

ज्यांनी ऑलरेडी घेतलाय आणि पायाचा प्रॉब्लेम येतोय त्यांच्यासाठी, उजव्या काठावर खालच्या दोन बटणांवर जाड पुठ्ठा ठेवून वरून रुंद चिकटपट्टी मारा, पाय लागला तरी दाबलं जात नाही. ती दोन फज्र आणि अजानची आहेत. दुरूदचं बटण डावीकडे वर आहे, त्याला धक्का लागत नाही. रिटर्न करायचा असेल तर पट्टी मारायच्या आधी करा, निशाण राहतं. आणि सेल घेताना चांगले घ्या, स्वस्तातले उतरले की कारीचा आवाज जड होत जातो आणि पोरं तसंच म्हणायला लागतात.